तीन वेळा धुतलेले पंजे

पाण्यात पंजे धुतल्याने राजाचे काय बिघडते, हा प्रश्न मी पुष्कळांना विचारला. घुबडाला विचारला, म्हाताऱ्या कासवाला विचारला, सिंहाच्या पहारेकऱ्यालाही विचारला. कोणी उत्तर दिले नाही. म्हणून मुलांनो, जे घडले ते तुम्हाला सांगतो. मी ससा आहे, आणि ही माझ्या ताईची गोष्ट आहे.

आमच्या रानाला पूर्वी एकच राजा नव्हता. डोंगरावर सिंह राज्य करी, पठारावर सिंहीण. त्यांचे लग्न झाले आणि दोन रानांचे एक रान झाले. तोवर प्रत्येक खोऱ्यात पंच असत, आणि त्यांना विचारल्याशिवाय राजालाही शिकारीची हद्द बदलता येत नसे. लग्नानंतर पंचांना दरबारात मागची जागा मिळाली, मग बोलावणेच येईना. रीतीही निरनिराळ्या होत्या. सांबरे चंद्राला वंदन करीत. आम्ही ससे झऱ्याला करीत असू. त्याआधी चारही पंजे तीन वेळा धुवायचे आणि झऱ्याच्या तोंडाशी अडकलेली पाने काढायची. सिंहाने फर्मान काढले की रान एक, राजा एक, तेव्हा वंदनही एकालाच, राजाच्या खडकाला. ज्याला मान्य नसेल त्याने निघून जावे. सांबरे तोंडात मावेल तेवढा चारा घेऊन समुद्राकडे निघून गेली. आम्ही राहिलो आणि खडकापुढे वाकलो. मला वाटले, संपले.

संपले नव्हते. न वाकणारे गेल्यावर वाकणाऱ्यांचा संशय येऊ लागला. यांची मान खाली आहे, पण मन कुठे आहे? या विचाराने सिंहाला झोप लागेना. ते शोधायला त्याने कोल्ह्याला नेमले. कोल्हा कधी कोणावर गुरगुरला नाही. तो फक्त विचारपूस करी.

एका सकाळी तो मला खडकाच्या वाटेवर भेटला. "काय धाकटे सरकार, आज एकटेच? ताईला वंदनाचा कंटाळा आला वाटतं."

मला राग आला. आई गेल्यापासून ताईनेच मला वाढवले होते. "आमची ताई सगळ्यांच्या आधी खडकापाशी असते," मी म्हणालो.

"मग पारोशीच जात असेल."

"पारोशी? चारही पंजे तीन तीन वेळा धुऊन जाते ती. तुमच्यासारखी चिखलाच्या पायांनी नाही जात."

"तीन वेळा?" कोल्ह्याने हसून विचारले.

"तीन. मोजून," मी छाती फुगवून सांगितले. त्याने माझे कौतुक केले आणि तो गेला.

दुपारी ताईला दरबारात नेले. झरा म्हणजे नुसते घाण पाणी आहे असे सर्वांसमोर म्हण, मग सोडू, असे तिला सांगण्यात आले. ताई सिंहापुढे वाकली. मग म्हणाली, "महाराज, मी रोज तुमच्या खडकापुढे वाकते, उद्याही वाकेन. पण त्या पाण्याला वाईट म्हणायला सांगू नका. आई याच पाण्यानं माझं तोंड धुवायची." सिंहाने सिंहिणीकडे पाहिले. सिंहीण खडकाकडे पाहत राहिली. ताईला सिंहाच्या गुहेकडे नेऊ लागले. कोल्ह्याला कोणी सांगितले, हे तिने मला विचारले नाही. जाताना एवढेच म्हणाली, "पानं काढत जा रे." ती परत आली नाही.

त्यानंतर झऱ्यापाशी कोणी थांबेना. जनावरे दबकत येत, पाणी पीत आणि इकडे तिकडे पाहत निघून जात. झऱ्यातले पान काढणे म्हणजे संशय ओढवून घेणे. मीही भ्यालो, मीही काढले नाही. पानगळ सुरू झाली. झऱ्याच्या तोंडाशी पानांचा थर साचला, तो कुजला, त्यावर चिखल बसला, आणि एक दिवस पाणी येणे थांबले. सिंहाने पाण्याला वाहण्याचे फर्मान काढले. पाणी वाहिले नाही. त्याचे स्वतःचे छावे ओला दगड चाटत बसले.

तेव्हा मी भर उजेडात झऱ्यावर गेलो. कोल्हा काठावरच होता, जीभ बाहेर काढून बसलेला. "काय चाललंय?" त्याने विचारले. मी पाने ओढून काढली, चिखल उकरला. ऊन कलेपर्यंत उकरत राहिलो. मग आत काहीतरी हलले आणि बारीक धार लागली. कोल्हा पुढे सरकला, पण त्याने तोंड लावण्याआधी मी पाण्यात उतरलो.

"मोजा, कोल्होबा," मी म्हणालो.

मी चारही पंजे तीन वेळा धुतले. मग ताईच्या वाटचे आणखी तीन वेळा.

तात्पर्य : धाकाने सगळ्यांना एका रीतीने वाकवता येते, पण वाकलेल्यांवर विश्वास ठेवता येत नाही, आणि दुसऱ्याच्या ज्या रीतीवर आपलीही तहान भागत होती, ती मोडल्यावरच ओळखू येते.