आयरिश पोराची भूक

दोष टेंबे सरांचाच. विभागप्रमुखाने विद्यार्थिनीच्या पीएचडीच्या ओपन व्हायवात, तिनेच मागवलेले समोसे खाता खाता, तिला धमकावू नये.

रेवती डोईफोडे एका एवढ्याशा शब्दावर बोलत होती. आयरिश माणूस स्वतःला ‘मे’ म्हणतो. चेक माणूस ‘माझं’ म्हणायला ‘मे’ म्हणतो. आपण ‘मी’ म्हणतो. हजारो वर्षांपूर्वीच्या, आता कुणीच बोलत नाही अशा एका भाषेतून ही भावंडं निघाली, असं तिचं म्हणणं. मी कॉलेज सोडलेला, मागे फुकटच्या चहासाठी बसलेलो. तरी अंगावर काटा आला.

अध्यक्षांच्या खुर्चीतून टेंबे सर म्हणाले, “भावंडं कसली? त्यांनी आपला शब्द उचलला. प्रबंधात तसं लिहा, नाहीतर पदवी विसरा, बाई.”

बाहेरून आलेल्या परीक्षक मॅडमनी रेवतीला उत्तर द्यायची खूण केली.

रेवती म्हणाली, “सर, आपल्याकडे टेबल आलं, तेव्हा त्याचा शब्दही आला. आधी टेबलच नव्हतं. पण आपला शब्द पोचेपर्यंत आयरिश पोर भूक लागल्यावर काय म्हणायचं? ‘आई, कुणालातरी भूक लागलीय, शब्द भारतातून निघालाय’?”

हॉल हसला. कुठल्या कुठल्या आयांच्या मांडीवरून तो आवाज इथवर आला होता, ते बहुतेक सगळ्यांना तेव्हाच कळलं.

मॅडमनी तिथेच पदवीची शिफारस केली. टेंबे सरांना त्यानंतर एकाही व्हायवाचं अध्यक्षपद मिळालं नाही.