घरबोल्याची कडी

संगणक पत्र्याच्या पेटीएवढे जाड असत, त्या काळातली गोष्ट. एका दवाखान्यातल्या संगणकाच्या पोटात घरबोल्या नावाचा प्रोग्राम राहायचा. औषधकोठीतल्या संगणकाला चिठ्ठ्या पाठवणं हे त्याचं काम. बाहेरच्या तारेकडे जायला दार एकच, आणि घरबोल्याची खोड अशी की सकाळी उठल्याबरोबर दाराला आतून कडी घालून तो तिथंच ठाण मांडायचा, आणि ती फक्त स्वतःच्या चिठ्ठ्यांपुरती उघडायचा.

एके दिवशी शहराशी बोलायला दूरबोल्या नावाचा नवा प्रोग्राम आला. बाहेर बाकावर एक आई तापानं फणफणलेलं लेकरू घेऊन बसली होती. त्याच्या रक्ताचा अहवाल शहरातून यायचा होता.

"आजोबा, जरा सरकता का?" दूरबोल्या म्हणाला.

"सरकतो की! मग माझ्या चिठ्ठ्या तुझ्या हाती, तुझ्या माझ्या हाती. बाळाला औषधाऐवजी फिनेल जायचं!"

तेवढ्यात दारच बोललं, "अहो, मला तुमची भाषा कुठं कळते? चिठ्ठीच्या पाकिटावरची खूण बघायची आणि ज्याचं त्याला द्यायचं, एवढंच मला येतं. कडी तेवढी काढा."

घरबोल्याला धीर होईना. पण बाहेर बाळ कण्हलं, तशी त्यानं डोळे मिटून कडी काढली. अहवाल आत आला, त्याच्या शेजारूनच औषधाची चिठ्ठी बाहेर गेली, आणि एकमेकांना साधा धक्काही लागला नाही.

दूरबोल्या कामाला लागला. घरबोल्या मात्र तारेला कान लावून बसून राहिला. इतकी वर्षं जिला तो नुसती खरखर समजत होता, ती सगळी कुणाकुणाची बोलणी होती.