पाणवठा ग्रंथालयाचं माहिती धोरण

सात पाणवठ्यांचं एक रान होतं आणि प्राण्यांनी निवडून दिलेला एक वाघ तिथे राजा होता. रानात सरकारी पाणवठा ग्रंथालय होतं. आज मगर कोणत्या पाणवठ्यात पडून आहे, एवढंच तिथल्या वहीत रोज लिहिलं जाई. गोदाक्का साळिंदर ते सांभाळायची. तहानलेला प्राणी यायचा, विचारायचा, पाणी पिऊन जिवंत घरी जायचा. इतका साधा कारभार सरकारला शोभत नव्हता.

म्हणून राजाने माहिती धोरण समिती नेमली. तरसराव अध्यक्ष. विषयाचा गाढा अभ्यास असल्यामुळे मगरबाई तज्ज्ञ सदस्य. गोदाक्का सचिव, कारण लेखणीसाठी लागणारे काटे तिच्याच पाठीवर होते. एकेका नियमाला एकेक काटा उपटला जाऊ लागला आणि समितीला भलताच हुरूप आला.

"माहिती जनतेची आहे," तरसराव म्हणाले, "आणि जनतेची वस्तू जपलीच पाहिजे. म्हणून कुलूप."

"मगर कुठे आहे ते अर्जदाराने अर्जात स्पष्ट लिहावं," मगरबाईंनी सुचवलं. "नाहीतर नेमकी कोणती माहिती हवी ते आपल्याला कळणार कसं?"

"आणि अर्ज फेटाळला, तर अपिलाची सुनावणी?" तरसरावांनी विचारलं.

"माझ्याकडे. मी कोणाला ताटकळत ठेवत नाही."

धोरणाच्या उद्घाटनाला हत्तीने सोंडेने फीत सोडली. 'पारदर्शक पाणी, पारदर्शक राजा' अशा घोषणा देत माकडांनी तीन फांद्या मोडल्या. चाळीस नियम होईपर्यंत गोदाक्काची पाठ निम्मी उघडी पडली होती.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी सखू भेकर पाडसाला घेऊन आली. पाडसाची जीभ बाहेर लोंबत होती.

"अक्का, आज कुठं जाऊ?"

"अर्ज भर बाई. मगर कुठंय ते लिही त्यात."

"ते ठाऊक असतं तर तुमच्या दारात कशाला आले असते?"

याला गोदाक्काकडे नियम नव्हता. पाडसाचे पाय लटपटू लागले, तशी तिला स्वतःचीच लाज वाटली.

"जांभळीखालच्या पाण्याकडं फिरकू नको," ती म्हणाली. "बाकी कुठंही पी."

सखू आणि पाडस वाचले. मगरबाई उपाशी राहिल्या आणि त्यांनी रीतसर तक्रार केली. माहिती फोडल्याचा ठपका ठेवून गोदाक्काला काढलं. माहिती थेट मुळातूनच मिळावी म्हणून तिच्या जागी मगरबाईंना नेमलं. त्यानंतर ग्रंथालयात गेलेल्या एकाही प्राण्याची तक्रार आली नाही.

गोदाक्का मग वाटेवर उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागली. लगेच सरकारने दवंडी पिटवली, की अफवांवर विश्वास ठेवू नका, खातरजमा ग्रंथालयातच करा. बरेच जण खातरजमा करायला गेले.

वर्षअखेरीस राजाने भाषण केलं. "पाणवठ्यांवर किती मेले, अशी कोणतीही माहिती सरकारकडे उपलब्ध नाही."

टाळ्या झाल्या. जे उरले होते, त्यांनी वाजवल्या.