एकाच पंखाची तीन पिसं

एका राज्यात सरळ असं काही उरलंच नव्हतं. विहिरीत पोहरा सोडावा, तर तो तिरका जाऊन काठाला थडकायचा. नांगराचा तास बांधापर्यंत पोचायच्या आधीच माघारी वळायचा. तराजूचा काटा रिकाम्या पारड्यांनीसुद्धा कलंडायचा, आणि आईनं लेकराच्या तोंडाशी नेलेला घास कानाशी जायचा. हसू नका. त्या राज्यात कुणी हसत नव्हतं.

हे झालं कशानं? राजा धवलसेनाच्या हावेनं. डोंगरातल्या तळ्याच्या तळाशी कर्दम जादूगाराचा सोन्यानं भरलेला हंडा होता. राजाला काय कमी होतं हो? पण नाही! पाणबुडे उतरवले, हंडा वर काढला. कर्दम आला. रागावला नाही, ओरडला नाही. त्यानं नुसतं बोट हलवलं, आणि हंडा तळ्याच्या मधोमध हवेत, साखळीला लोंबकळू लागला. साखळी वर कशाला बांधली होती ते कुणालाच दिसलं नाही.

"राजा," कर्दम म्हणाला, "वाकडी वाट तू धरलीस, आता सारं राज्य वाकडं चालेल. त्या साखळीत बांगडीएवढी एक कडी आहे. तिच्यातून बाण पार झाला, तर साखळी तुटेल, हंडा तळाशी जाईल, शाप फिटेल. बाण तीन. दर अमावास्येच्या दुपारी एक. आणि चुकलेला बाण सोडणाऱ्याच्या छातीत परत येईल."

दोन अमावास्या झाल्या. दोन तिरंदाज गेले. तिसऱ्यासाठी चिठ्ठ्या टाकल्या, आणि नाव निघालं हैबतीचं. वय वर्षं बावीस, नुकती कुठे मिशी काळी झालेली. दरबारात बाण पुरवणाऱ्या गोंदाजीचा तो लेक आणि सगुणाचा पाठचा भाऊ. आणि ऐका, चुकलेले दोन्ही बाण गोंदाजीनंच घडवलेले होते.

अमावास्येला तीन दिवस उरले. गोंदाजी तिसऱ्या बाणाची काडी शेकत बसला होता. सगुणानं मेलेल्या तिरंदाजांच्या छातीतून काढलेले ते दोन बाण पुढ्यात घेतले आणि पिसांवरून बोट फिरवलं.

"बापू, दोन पिसं उजव्या पंखाची आणि एक डाव्याचं का?"

"आपल्या घरची रीत आहे. पक्षी दोन पंखांनी उडतो. बाणाला दोन्ही पंखांचा मान नको?"

"हे बाण लटपटत गेले, बापू. मी पाहिलंय. ताप भरलेला माणूस चालावा तसे गेले."

"शापामुळे गेले!" गोंदाजी ओरडला. "माझ्या आज्यापासून ही रीत आहे. आता तू मला शिकवणार?" ओरडला खरा, पण हात कापत होते. सगुणाला ते दिसलं. बापाला शंका होती. शंका होती आणि तरी तो तसाच तिसरा बाण करणार होता, कारण त्याला दुसरं काही येतच नव्हतं.

ती उठली आणि थेट गिधाडकड्यावर गेली. तिथं एक म्हातारं गिधाड राहायचं. ते बोलायचं. त्याचं तिथं कुणाला नवल नव्हतं. नवल एवढंच, की ते खरं बोलायचं.

"पिसं हवीत," सगुणा म्हणाली.

"देईन. आधी सांग, ते दोघं कशानं मेले?"

घरातलं चावडीवर आणू नये, असंच सगुणाला लहानपणापासून शिकवलेलं. पण भावाचा चेहरा डोळ्यांपुढे आला, आणि ती बोलली, "आमची रीत चुकली. माझ्या बापाची चूक झाली."

"हं! आता बोललीस." गिधाडानं मान झटकली. "पक्षी पंख फडफडवतो, पोरी. बाण कुठे फडफडवतो? बाण गिरकी घेतो. डाव्या पंखाचं पीस एकीकडे वळतं, उजव्याचं दुसरीकडे. दोन्ही एका काडीला लावलीस, तर एक म्हणेल इकडे फीर, दुसरं म्हणेल तिकडे. तिघांचं एकमत असेल, तर बाण भोवऱ्यासारखा फिरत जाईल, आणि फिरणाऱ्याला वाकडा वारासुद्धा सहज वळवू शकत नाही."

त्यानं डावा पंख पुढे केला. सगुणानं तीन पिसं काढली, तिन्ही त्याच पंखाची.

"आणि हातानं चिकटवू नकोस," गिधाड म्हणालं. "या राज्यात नजरसुद्धा वाकडी झालीय. पिसं बसवायचा साचा लागेल. तो शाप लागलेल्या घरात मिळायचा नाही. ज्यानं शाप दिला, त्याच्याकडेच जा."

जादूगाराच्या गुहेत जाणं म्हणजे वाघाच्या तोंडात हात घालणं. सगुणा गेली आणि पिसं बसवायचा साचा मागितला. कर्दमानं तिला बसायला पाट दिला, हे मात्र सांगितलं पाहिजे. दुष्ट होता, पण रीतभात होती.

"साचे तीन आहेत," तो म्हणाला. "एक उचल. ज्याला हात लागेल तो तुझा. दुसरी संधी नाही."

तीन साचे दिसायला एकाच घडणीचे होते. काडी आडवी धरणारे दोन खुंट, पिसाला दातांत धरणारा लांब चिमटा, आणि एक पीस बसलं की काडी बरोबर तिसऱ्या हिश्श्यानं फिरवणारं चाक. पहिला सोन्याचा, दुसरा चांदीचा, तिसरा बाभळीच्या लाकडाचा, हात लागून लागून काळा झालेला.

सगुणाचा हात आपोआप लाकडाच्या साच्याकडे गेला. तुमचाही गेला असता! लहानपणापासून ऐकलेलं असतं ना, चकाकतं ते सोनं नव्हे, आणि जो साधं निवडतो तोच जिंकतो. कर्दमानंही ते ऐकलेलं होतं. त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात बारीकसं हसू आलं, आणि सगुणानं ते टिपलं. तिचा हात बोटभर अंतरावर थांबला.

तिनं ओच्यातून पीस काढलं. बोट न लावता ते लाकडी साच्याच्या चिमट्यावर अलगद टेकवलं. चिमटा उजवीकडे वळलेला होता; पीस मध्येच फुगलं, बसेना. चांदीच्या चिमट्यावर टेकवलं. तो सरळसोट होता. पिसाची दोन्ही टोकं उचलली गेली. सोन्याच्या चिमट्यावर टेकवलं, आणि पीस मुळापासून शेंड्यापर्यंत असं निजलं, की मध्ये केस जायला जागा उरली नाही.

"हा," ती म्हणाली आणि सोन्याचा साचा उचलला.

"शेवटी सोनंच भावलं," कर्दम म्हणाला.

"सोनं तुमचं तुम्हाला परत आणून देईन. मला त्याचं वळण हवंय."

कर्दमाचं हसू मावळलं. पण शब्द दिला होता, त्यानं वाट सोडली.

ती घरी पोचली तेव्हा अमावास्येची सकाळ झाली होती. गोंदाजीनं बाण तयार ठेवला होता. दोन पिसं उजवी, एक डावं. सगुणानं तो उचलला आणि काडकन मोडला.

"अगं, काय केलंस! आता दुपारपर्यंत दुसरा कसा होणार?"

"होईल. सरस तापवा, बापू."

तिनं नवी काडी साच्यात ठेवली, दोरी बसायची खाच पहिल्या खुणेला लावली. पहिलं पीस खाचेला आडवं असतं, म्हणजे सुटताना ते धनुष्याला घासत नाही. ते तिनं हळदीनं रंगवलं. पीस चिमट्यात धरलं, मुळाशी सरसाची पातळ रेघ ओढली, चिमटा काडीवर दाबला आणि हात मागे घेतला. उरलेल्या सरसाचा एक थेंब खापरीवर टाकला. हा थेंब नखाला चिकटेनासा झाला, की काडीवरचा सरस बसला म्हणायचा. त्याआधी चिमटा उघडला, तर पीस केसभर सरकतं. आणि तिच्या घरात आज केसभर म्हणजे भावाचा जीव होता.

पहिलं बसलं. चाक फिरवलं, दुसरं बसलं. तिसऱ्याला चिमटा लावला आणि दारात चोपदार उभा राहिला.

"बाण द्या. ऊन डोक्यावर आलं."

सगुणानं खापरीवरच्या थेंबाला नख लावलं. चिकटला.

"अजून नाही."

"महाराज खोळंबले आहेत!"

"दोघांना घाईनं पोचवलंत ना? तिसऱ्याला थोडं थांबवा."

"अक्का," हैबती हळूच म्हणाला, "मला भीती वाटतेय गं."

"मलाही," ती म्हणाली. नजर तिनं थेंबावरून काढली नाही. पुन्हा नख लावलं. चिकटला. गोंदाजीच्या कपाळावरून घाम गळत होता. "काढ आता, पोरी, काढ!" तो पुटपुटला. ती हलली नाही. तिसऱ्यांदा नख लावलं. नख कोरडं आलं.

चिमटा उघडला. पिसांच्या पुढच्या टोकांना रेशमाचा दोरा गुंडाळायचा राहिला होता. तिनं रीळ बापापुढे धरलं. गोंदाजीनं एकाच पंखाची ती तीन पिसं पाहिली, त्या चुकलेल्या दोन बाणांकडे पाहिलं, आणि त्याच्या तोंडून हुंदका फुटला. "त्या दोघांना मीच मारलं गं." मग डोळे पुसून त्यानं दोरा गुंडाळला, आणि त्याचा हात कापला नाही.

तळ्याच्या काठी सारं राज्य जमलं होतं. हैबतीनं धनुष्य ओढलं. बाण सुटला. वाकड्या वाऱ्यानं त्याला डावीकडे लोटलं, आणि लोकांच्या तोंडून "गेला!" निघून गेलं. सगुणानं भावाचा दंड घट्ट धरला, जणू परत येणारा बाण ती हातानं अडवणार होती. पण बाण फिरत होता. हळदीचं पीस गरगर पिवळं वर्तुळ काढत होतं. तो डळमळला नाही, लटपटला नाही; गिरकी घेत तसाच पुढे गेला आणि कडीतून पार झाला.

साखळी तुटली. हंडा तळ्यात पडला, आणि उडालेलं पाणी सरळ खाली आलं. आधी कुणाच्या ध्यानात आलं नाही. मग एका बाईनं लेकराला घास भरवला, तो तोंडात गेला, आणि ती तिथंच रडायला लागली.

धवलसेनानं तळ्याच्या काठी नाक घासलं आणि हंड्याचं नाव पुन्हा काढलं नाही. सगुणानं सोन्याचा साचा कर्दमाला परत केला, आणि त्याच वळणाचा बाभळीचा साचा स्वतः करून घेतला. गोंदाजीनं मात्र ते दोन बाण फेकले नाहीत. कामाच्या जागी, डोळ्यांसमोर टांगले. रोज सकाळी तो हात जोडून त्या दोन तिरंदाजांची नावं घ्यायचा, मग पहिलं पीस उचलायचा आणि लेकीला विचारायचा, "सगुणे, बघ बरं, हे कोणत्या पंखाचं?"

हंडा तळाला गेला, शाप पाण्यात विरला. त्यांचे बाण सरळ गेले, तुमचेही जावोत.