कडब्याची ओळ

कोरडवाहू ज्वारीच्या मुलखात वैजयंता नावाची एक लिहिणारी बाई होती. तिचं काम मोठं नवलाचं. शहरातल्या एका संस्थेनं मोबाईलवर चालणारं ॲप केलं होतं. शेतकऱ्यानं आपली जमीन, पाणी आणि पेरणीचा महिना सांगितला, की कोणता सुधारित वाण पेरावा ते हे ॲप सांगे. पण ते वापरायचं कसं आणि त्याच्या सल्ल्यावर विसंबायचं किती, हे कुणी समजावायचं? ते पुस्तिकेत लिहून द्यायचं काम वैजयंताचं. तिचं मराठी असं, की चौथीतून शाळा सोडलेल्यालाही एका वाचनात कळावं. लोक म्हणत, "ॲपचं ॲपला ठावं. पर वैजूताईनं लिवलंय म्हंजे खरं."

पुस्तिका लिहिण्याआधी ती चाचणीच्या शेतावर जाऊन आली. तिथं ज्वारीचा एक नवा वाण सगळ्यांत सरस ठरला होता. दाणा टपोरा, उतारा भरपूर. पण शेताच्या कडेला बांधलेले बैल त्या ज्वारीचा नुसता पाला ओरबाडत होते आणि टणक धाटं तशीच टाकत होते. वैजयंतानं चाचणी घेणाऱ्या संस्थेच्या अधिकाऱ्याला विचारलं, "कडबा बघितला का तुम्ही?"

"चाचणी दाण्याची होती, मॅडम," तो म्हणाला.

म्हणजे दाणे काढल्यावर उरणारी वाळलेली धाटं, गुरांची उन्हाळ्याची वैरण, तो कडबा ॲपला ठाऊकच नव्हता. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

वैजयंतानं पुस्तिकेत ओळ घातली: 'हे ॲप फक्त दाणा बघतं. या वाणाची धाटं जनावरं खात नाहीत असं दिसलं आहे.' मग तिनं ते पान दूरच्या एका गावातल्या लोकांना वाचून दाखवलं. त्या ओळीशी आले की लोक अडत, शंका काढत, आपसांत वाद घालत. ती ओळ गाळून वाचलं, की सगळ्यांच्या माना डोलत. वैजयंताला त्या डोलणाऱ्या मानांचा मोह पडला. तिला कुणी दटावलं नव्हतं, संस्थेच्या साहेबांनी काही सांगितलं नव्हतं. तिनं आपल्याच हातानं ती ओळ खोडली. पान कसं सुरेख, सुटसुटीत झालं.

पुस्तिका वैजयंताच्या गावातही वाटली गेली. हौसाबाई, वैजयंताची मावशी, त्याच गावात एकटी राहायची. दोन म्हशींच्या दुधावर तिचं घर चालायचं. ती हरखून म्हणाली, "वैजू, औंदा समद्या रानात तू लिवलेला वाण!"

वैजयंताच्या मनात आलं, हिच्या म्हशी उन्हाळ्यात खाणार काय? तिनं मावशीला बाजूला घेतलं आणि हळूच सांगितलं, "अर्ध्या रानात आपली जुनीच ज्वारी पेर. नव्याची धाटं जनावरं खात नाहीत. कुणापाशी बोलू नकोस मात्र." आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही खोड शहाण्यांनाही सुटत नाही.

सुगी झाली. घरोघरी ज्वारीच्या पोत्यांची थप्पी लागली. गावानं वैजयंताचा सत्कार केला.

मग उन्हाळा आला. दावणीला नव्या ज्वारीच्या पेंढ्या पडल्या. गुरांनी पाला खाल्ला, धाटं हुंगली आणि तोंड फिरवलं. महिन्याभरात त्यांच्या बरगड्या दिसू लागल्या. विकतची वैरण कुठं मिळेना, कारण आसपासच्या गावांनीही तीच पुस्तिका वाचली होती.

हौसाबाईच्या दारात मात्र जुन्या कडब्याची गंज उभी होती. शेजारी पेंढी मागायला येऊ लागले. तिच्यानं नाही म्हणवेना. आपल्याला ठाऊक होतं ते या माणसांना ठाऊक नव्हतं, हे तिला आतून खात होतं. तिनं गंज वाटून टाकली. पाऊस यायला अजून अवकाश होता, आणि तिच्या म्हशीही उपाशी राहू लागल्या. शेवटी काळजावर दगड ठेवून तिनं दुभती म्हैस बाजारात नेली.

बाजारातून ती थेट वैजयंताच्या दारी आली. हातात मोकळं दावं होतं. ते बघून वैजयंताला रडू कोसळलं. ती म्हणाली, "मावशी, मी तुला सांगितलं होतं ना गं!"

"व्हय, सांगितलं व्हतंस," हौसाबाई म्हणाली. "मला कानात सांगितलंस. मग पुस्तकात का न्हाई लिवलंस?"

वैजयंतानं त्याच दिवशी कागद काढून ती खोडलेली ओळ पुन्हा लिहिली.

पुढच्या हंगामाच्या पुस्तिकेत ती ओळ पहिल्याच पानावर ठळक छापली गेली, आणि गावोगाव जाऊन वैजयंतानं ती स्वतः वाचून दाखवली. गुरं वाचली. मावशीची म्हैस काही परत आली नाही.

तात्पर्य: जो धोका आपल्या माणसाच्या कानात सांगावासा वाटतो, तो सगळ्यांना दिसेल असा लिहावा; आपल्यापुरतं सांगून बाकीच्यांपासून लपवलेलं सत्य हा त्यांचा घातच असतो.