हिरव्या शाईचा ठिपका

एका तालुक्याच्या गावातल्या रुग्णालयात अनघा टिळेकर नावाची एक तंत्रज्ञ होती. गाठीचा तुकडा कागदाहून पातळ कापायचा, रंगवायचा आणि काचेवर बसवायचा, हे तिचं काम. ती काच डॉक्टर रसाळ सूक्ष्मदर्शकाखाली तपासत आणि संशयाच्या जागी वरून हिरव्या शाईचा ठिपका देत. तीस वर्षांचा शिरस्ता! तो ठिपका पुसायची कुणाची छाती नव्हती.

शंका असली की काच एसटीने शहरातल्या मोठ्या डॉक्टरांकडे जाई. उत्तराला आठ दिवस लागत. मग एक यंत्र आलं. ते काचेचा फोटो काढी आणि शहरात तो लगेच पडद्यावर दिसे. पण फोटो येत ते धुकट.

"आंधळं आहे तुझं यंत्र," डॉक्टर म्हणाले. "शुक्रवारी यंत्रवाल्यांचा माणूस येतोय. देऊन टाकू परत."

त्याच दिवशी इंदूबाई गवळीच्या गाठीची काच संशयाची निघाली. इंदूबाई बाहेर बाकावर बसली होती. "ताई, आठ दिवस जीव टांगणीला लावून म्हशी कशा धुऊ मी?"

अनघाने फोटो काढला आणि मोठा करून पाहिला. गाठ धुक्यात, पण हिरवा ठिपका मात्र लख्ख! पेनाच्या टोकाचे ओरखडेसुद्धा मोजता येत होते. तिला हसूच फुटलं.

"सर, यंत्राला दिसतंय. त्याची नजर काचेवरच्या तुमच्या ठिपक्यावर खिळते, खालच्या गाठीपर्यंत पोचतच नाही. पुसू?"

"तू जन्मली नव्हतीस तेव्हापासून देतोय मी तो!"

"म्हणून तर घट्ट बसलाय. स्पिरिट लागेल."

डॉक्टरांनी डोळे वटारले, पण होकारार्थी मान डोलावली. अनघाने काच पुसून पुन्हा फोटो काढला. सगळं स्वच्छ दिसलं, फक्त एक कोपरा अजून धुकट.

"आणि हे?" डॉक्टरांनी मिशीत हसत विचारलं. "तिथं तर माझी शाई नाही."

अनघाने वाकून पाहिलं. वरच्या पातळ काचेखाली हवेचा बुडबुडा अडकला होता. काच तिनेच बसवली होती. यंत्रावर ढकलून मोकळं होता आलं असतं. तिचे कान तापले.

"तो बुडबुडा माझा, सर. घाई केली मी."

तिने त्याच तुकड्याची नवी काच केली, अगदी सावकाश. दुपारी फोटो शहरात गेला आणि चहाच्या वेळेआधी उत्तर आलं: गाठ साधी आहे, कर्करोगाची नाही. इंदूबाई हसत म्हशींकडे गेली.

शुक्रवारी यंत्रवाल्यांचा माणूस आला. डॉक्टर म्हणाले, "चहा घ्या आणि रिकाम्या हाताने जा."

आता डॉक्टर काचेचं चित्र कागदावर काढतात आणि ठिपका तिथं देतात. हिरव्याच शाईचा.

तात्पर्य: नव्या यंत्राची नजर ते चालवणाऱ्याच्या हातात असते, म्हणून जुनी सवय पुसायला कचरू नये आणि स्वतःची चूक लपवू नये.