ओट्यावरची हाक

त्या दिवशी सकाळपासून वारं सुटलं होतं. माघातलं वारं ते, कोरडं आणि झोंबरं. गल्लीतली दारं आपटत होती. वाळत घातलेले कपडे दोरीवरून उडून शेजाऱ्याच्या अंगणात जाऊन पडत होते. ऊन होतं, पण त्याला ऊब नव्हती. माणसं कामापुरती बाहेर यायची आणि पुन्हा घरात शिरायची.

अशा त्या दिवशी एका गावात त्र्यंबक नावाचा एक कापडदुकानदार दुपारी जेवायला घरी आला. त्याच्या अंगात बंडी होती, नेसूला धोतर होतं आणि डोक्याला पागोटं होतं. दुकानात तो तयार शर्ट आणि जीन्सच्या पँटी विकायचा. गिऱ्हाईक हसायचं. "शेठ, पँट इतकी चांगली असेल तर तुम्ही का नाही घालत?" त्र्यंबकही हसायचा. म्हणायचा, "मला माझ्या बापाचं धोतर बरं बसतं, बाबा."

आणि ते खोटं नव्हतं. माळ्यावरच्या पेटीत त्याला आपल्या वडिलांचे कपडे सापडले होते. वेखंडाचा वास येत होता त्यांना. एका लग्नात त्यानं ते सहज म्हणून घातले, तर म्हातारी माणसं त्याला थांबवून थांबवून बघायला लागली. कुणी त्याच्या खांद्यावरून हात फिरवला. त्र्यंबकाला फार बरं वाटलं. वडील जाऊन खूप वर्षं झाली होती. त्यांचे कपडे अंगावर चढवले की ते जवळ असल्यासारखं वाटायचं.

मग हळूहळू घरच बदललं. प्यायचं पाणी तांब्याच्या हंड्यात आलं. टेबल गेलं, पाट आले. जेवताना टीव्ही बंद, मोबाईल दूर फळीवर. दिवेलागणीला मुलं देवापुढे बसायला लागली. त्र्यंबकाची बायको सुलभा आधी कुरकुरली. पितळेची भांडी घासायची कुणी, म्हणाली. त्र्यंबक म्हणाला, मी घासीन, आणि खरंच घासू लागला. पुढं तिलाही ते आवडलं. पोरं जेवताना बोलायला लागली होती. घरात माणसांचा आवाज ऐकू यायला लागला होता.

त्र्यंबकाच्या शेजारी दौलतमामा राहायचे. ते सख्खे मामा नव्हेत, साऱ्या गल्लीचे मामा. एके काळी लग्नाचे मांडव घालायचे. आता गुडघे गेले होते. त्र्यंबकाच्या वडिलांचे ते जुने सोबती. त्यांनीच एकदा त्र्यंबकाला सांगितलं, "अरे, सगळं केलंस, पण तुझा बाप पानावर बसायच्या आधी ओट्यावर यायचा. मोठ्यानं हाक द्यायचा, 'कुणी उपाशी आहे का हो?' मगच घास घ्यायचा."

"आणि कुणी यायचं?"

"यायचं की. वाटसरू यायचा, एखादा मजूर यायचा. मागणं वेगळं रे, आणि हाकेला ओ देणं वेगळं. ओ देणाऱ्याची मान खाली जात नाही."

त्र्यंबकाला हे इतकं आवडलं की दुसऱ्या दिवसापासून त्यानं हाक द्यायला सुरुवात केली. आवाज त्याचा खणखणीत. लोक थांबून ऐकायचे, कुणी मोबाईलवर फोटो काढायचं. ओ मात्र कुणी द्यायचं नाही. हल्ली कोण उपाशी असतं, असं त्र्यंबकाला वाटायचं. हाक देऊन झाली की तो समाधानानं आत जाऊन जेवायला बसायचा.

त्या दिवाळीच्या तोंडावर दौलतमामांची बायको गेली. मामांना चहापलीकडे काही करता येत नव्हतं. ते कोपऱ्यावरच्या खानावळीत जेवायचे, पण संक्रांतीनंतर ती खानावळ बंद पडली. त्यांची भाची लांबच्या गावी होती. ती सारखी म्हणायची, मामा, इकडे या. मामा म्हणायचे, "तुझ्या मामीनं या घरात जन्म काढला. तिचं तुळशीवृंदावन इथं आहे. मी हे घर सोडणार नाही." खानावळ बंद झाल्याचं त्यांनी भाचीला कळवलं नाही. गल्लीतही कुणाला काही बोलले नाहीत. जेवलात का म्हटलं की म्हणायचे, "आत्ताच उठलो पानावरून."

तर त्या वाऱ्याच्या दिवशी त्र्यंबकानं हात-पाय धुतले आणि तो ओट्यावर आला. समोर पानपट्टीपाशी चार माणसं उभी होती. त्यानं पागोटं नीट केलं आणि हाक दिली, "कुणी उपाशी आहे का हो?"

शेजारचं दार उघडलं. दौलतमामा बाहेर आले. आंघोळ केलेली, अंगात धुतलेला सदरा, डोक्यावर पांढरी टोपी. वाऱ्यानं उडू नये म्हणून टोपी त्यांनी हातानं दाबून धरली होती. भिंतीला धरत धरत ते ओट्याखाली येऊन उभे राहिले.

"आहे रे, बाबा. मी आहे."

पानपट्टीवरचा एक जण म्हणाला, "घ्या! मामांनी ओ दिली. आता काढा पुरणपोळी!" सगळे हसले. त्र्यंबकही हसला. त्याला वाटलं, मामा आपल्या जुन्या स्वभावाप्रमाणे थट्टा करतायत.

"काय मामा, तुम्हीपण! तुम्हीच शिकवलीत ना रीत? अहो, असं नुसतं म्हणायचं असतं."

मामांनी त्याच्याकडे बघितलं. मग तेही हसले.

"तर काय! आवाज बापासारखा लागतो का, ते जवळून ऐकायला आलो. लागतो हो. अगदी तसाच लागतो." आणि टोपी धरून ते माघारी वळले.

त्र्यंबक आत गेला. पाटावर बसला, पानाभोवती पाणी फिरवलं, जेवायला लागला. सुलभानं भाकरी वाढता वाढता विचारलं, "बाहेर कोण होतं?"

"मामा. थट्टा करायला आले होते."

"आंघोळ करून, टोपी घालून कोणी थट्टा करायला येतं का, अहो? मी खिडकीतून बघितलं त्यांना."

त्र्यंबकाचा घास हातातच राहिला. त्यानं उठायला म्हणून एक गुडघा उचलला. पण पानावर बसलेल्या माणसानं मधेच उठायचं नाही, ही त्याच्या वडिलांची शिस्त. अन्नाचा अपमान होतो. ते आठवलं आणि त्यानं गुडघा पुन्हा खाली टेकवला. जेवून लगेच जाऊ, असं त्यानं मनाशी ठरवलं. जेवण झालं. ताक प्यायला. हात धुतले, विडाही खाल्ला, कारण विड्याशिवाय जेवण पुरं होत नाही. मग सुलभाला म्हणाला, "एक पान वाढून दे. मामांना नेऊन देतो."

ताटावर फडकं झाकून तो शेजारी गेला. दाराला कुलूप होतं.

पलीकडच्या पायरीवर हौसाआक्का भाजी निवडत बसली होती. ती गल्लीतली सगळ्यात जुनी शेजारीण. वाऱ्यानं पालापाचोळा तिच्या सुपात येत होता, तो ती एकेक करून बाहेर टाकत होती.

"गेले ते," आक्का म्हणाली. "दुपारच्या एसटीनं. भाचीकडे. किल्ली माझ्यापाशी दिलीये. तुळशीला पाणी घाल म्हणाले."

"असे कसे गेले? ते तर घर सोडणार नव्हते!"

"खानावळ बंद झाल्यापासून पाव-बिस्किटांवर काढले त्यांनी, परवापासून तेही नव्हतं पोटात. आज मला कळलं. जाताना चहा घेतला माझ्याकडे, तेव्हा बोलले. मी म्हटलं, मामा, मला नाही का सांगायचं? तर म्हणाले, मला मागता येत नाही गं. ओ देऊन बघितली, पण माझंच चुकलं, ती काही खरी हाक नव्हती."

त्र्यंबक ताट तसंच घेऊन घरी परतला.

दुसऱ्या दिवशी तो भाचीच्या गावी गेला. मामा ओसरीत बसले होते. त्यांनी त्याला जवळ बसवलं, चहा पाजला, दुकान कसं चाललंय विचारलं. त्र्यंबकानं त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. "मामा, घरी चला. रोज आपण दोघं एका पंगतीला बसू." मामांनी त्याची पाठ थोपटली.

"जेवायला बस म्हणालास, पोट भरलं. पण आता नको रे. एकदा उठून आलो, आता पुन्हा हलवत नाही."

ते आले नाहीत. पुढच्या उन्हाळ्यात भाचीच्याच घरी ते वारले. शेजारचं कुलूप तसंच राहिलं. त्र्यंबकानं धोतर सोडलं नाही, पाट सोडले नाहीत. पण दुपारी हाक द्यायला ओट्यावर आला की नजर त्या दाराकडे जायची आणि हाक न देताच तो आत वळायचा. शेवटी एके दिवशी तो हौसाआक्काच्या पायरीवर जाऊन बसला आणि म्हणाला, "आक्का, मी तर सगळं जुन्या माणसांसारखं केलं. कपडे तसे, जेवण तसं, बोलणं तसं. मग माझं चुकलं कुठं?"

तात्पर्य: आक्का त्याला म्हणाली तेच. "त्र्यंबका, जुन्या माणसांनी रीत माणसासाठी घातली होती. तू ती रीतीसाठी पाळलीस. जुनं घ्यावंच, त्यात चांगलं पुष्कळ आहे. पण जे तोंडानं म्हणशील ते हातानं करायची तयारी ठेव, आणि दारात माणूस उभं असेल तर पानावरून ऊठ. तुझा बाप उठायचा रे. मी बघितलंय."